साडेसहाचं जेवण, सहाची शेवटची बस

कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला मेटाचं, म्हणजे आपल्या जुन्या फेसबुकचं, मुख्यालय आहे. तिथे रोज संध्याकाळी सहाला कर्मचाऱ्यांसाठी फुकट जेवण लागायचं. बरेच जण ते जेवायचे, आणि काही जण शिस्तीत डबे भरून घरी न्यायचे. घरातल्या चार माणसांची रात्रीची सोय झाली की झालं. 2022च्या मार्चमध्ये कंपनीनं एक छोटासा बदल केला. जेवण आता सहाऐवजी साडेसहाला. कर्मचाऱ्यांना घरी सोडणारी शेवटची बस मात्र सहाच्या सुमारालाच सुटणार.

बघा हं, जेवण बंद केलं नाही. डबे भरू नका असंही कुणी म्हटलं नाही. घड्याळाचा काटा अर्धा तास सरकवला, बस्स. पेठेतल्या एखाद्या मुरलेल्या खाणावळवाल्यालाही ही युक्ती सुचली नसती. त्याच दमात कपडे धुण्याची आणि ड्रायक्लीनिंगची फुकट सोयही गेली. तोवर या कंपनीत लोक घरचे मळके कपडे ऑफिसात आणत होते, हे बाकीच्या जगाला तेव्हाच कळलं.

आपल्याकडे म्हणतात, दात कोरून पोट भरत नाही. गेल्या काही वर्षांत जगातल्या सगळ्यात गब्बर कंपन्यांनी दात कोरायचे किती प्रकार शोधले, आणि पोट खरं कुठून भरलं, त्याच्या या गमतीजमती.

वादळाची वर्दी

आधी पार्श्वभूमी, दोन मिनिटांत. कोविडच्या काळात सगळं जग घरात बसून पडद्याला चिकटलं आणि या कंपन्यांना वाटलं, आता हे असंच चालणार. मेटाकडे 2019च्या अखेरीला सुमारे 45 हजार माणसं होती, सप्टेंबर 2022 मध्ये 87 हजारांच्या वर. ॲमेझॉन तर दोन वर्षांत 8 लाखांवरून 16 लाखांवर गेली. मग महागाई भडकली. मार्च 2022 पासून अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनं व्याजदर चढवायला घेतले, ते जवळपास शून्यावरून पुढच्या वर्षी सव्वापाच टक्क्यांच्या वर नेऊन ठेवले. फुकटात मिळणारा पैसा आटला. मेटाचं उत्पन्न इतिहासात पहिल्यांदा घसरलं. ऑक्टोबर 2022 मध्ये ब्लूमबर्गच्या अर्थतज्ज्ञांच्या मॉडेलनं जाहीर केलं, की येत्या 12 महिन्यांत अमेरिकेत मंदी येण्याची शक्यता 100 टक्के.

100 टक्के! आपलं हवामान खातंसुद्धा 'तुरळक ठिकाणी' म्हणून जागा ठेवतं. हा आकडा लक्षात असू द्या, त्याच्याकडे परत येऊ.

स्टेपलर रिसेप्शनवर मिळेल

2022 मध्ये अल्फाबेट, म्हणजे गूगलची मूळ कंपनी, हिचा निव्वळ नफा होता सुमारे 6 हजार कोटी डॉलर. रुपयांत साधारण पावणेपाच ते पाच लाख कोटी. पुढच्याच मार्चमध्ये गूगलच्या प्रिंटरपाशी ठेवलेले स्टेपलर आणि चिकटपट्ट्या उचलल्या गेल्या. कुणाला लागलाच तर स्टेपलर रिसेप्शनच्या टेबलावर आहे, मागून घ्या, वापरून परत द्या. सरकारी कचेरीतलं दोरीनं बांधलेलं पेन आठवलं ना? फक्त दोरी तेवढी नव्हती.

तेव्हाच्या वित्तप्रमुख रूथ पोराट यांनी कर्मचाऱ्यांना जे पत्र पाठवलं, त्यात आणखीही बरंच होतं. इंजिनिअर नसणाऱ्यांना यापुढे महागडा लॅपटॉप नाही, क्रोमबुक. ज्या दिवशी ऑफिसात गर्दी नसते त्या दिवशी काही उपाहारगृहं बंद. मजल्यामजल्यावर खाऊनं भरलेली जी छोटी स्वयंपाकघरं असतात, त्यांवरही नजर. व्यायामाच्या वर्गांना कात्री.

त्याआधीच्या जानेवारीत दोन डझनांहून जास्त मसाज करणाऱ्यांना नारळ मिळाला होता. कंपनीच्या पगारपत्रकावर मसाज करणारे असतात हे ऐकून माझ्या वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मग काम कोण करत होतं?"

आणि क्लाउड विभागातल्यांना सांगण्यात आलं, टेबल वाटून घ्या. एक जोडीदार निवडा. तुम्ही सोमवार-बुधवार या, तो मंगळवार-गुरुवार येईल. खुर्ची किती उंच ठेवायची, टेबलावर काय ठेवायचं नाही, हे दोघांनी आपसात ठरवा. थोडक्यात कॉट बेसिस. मुंबईत गिरणगावच्या खोल्यांत पाळीपाळीनं एकाच पथारीवर झोपणाऱ्या कामगारांना ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी सुचली होती. त्यांनी तिला नाव मात्र दिलं नव्हतं. गूगलनं दिलं: 'क्लाउड ऑफिस इव्होल्यूशन'. उत्क्रांती!

नावांचं म्हणाल तर या काळात नावांचंच पीक जोरात होतं. 'काटकसर' हा शब्द उच्चारायचा नाही असं बहुधा सगळ्यांनी मिळून ठरवलं असावं. गूगलची 'सिम्प्लिसिटी स्प्रिंट', मेटाचं 'इयर ऑफ एफिशियन्सी'. अधलेमधले साहेब कमी करायचे तर त्याला 'फ्लॅटनिंग' म्हणायचं, जणू इस्त्री फिरवतोय.

पोट भरलं ते इथे

आता खरी गंमत. ही वाचताना घरातल्या सीएला शेजारी बसवा.

समजा तुम्ही 12 लाखांचं एक यंत्र घेतलं. ते चार वर्षं चालेल असं धरलं, तर दरवर्षी 3 लाख रुपये घसारा खर्चात पडतो. आता काहीही करू नका. यंत्राला हात लावू नका, नवा पंखा बसवू नका, तेलपाणी करू नका. फक्त वहीत लिहा, की हे यंत्र सहा वर्षं चालेल. घसारा झाला वर्षाला 2 लाख. बसल्या जागी खर्च 1 लाखानं घटला आणि नफा तेवढाच वाढला.

नेमकं हेच झालं. मायक्रोसॉफ्टनं जुलै 2022 पासून आपल्या सर्व्हरचं वय चार वर्षांवरून सहा केलं. त्यातून त्या वर्षीच्या नफ्यात 370 कोटी डॉलरची भर पडेल असं सांगितलं. अल्फाबेटनं जानेवारी 2023 पासून तसंच केलं. अंदाज 340 कोटी डॉलरचा. मेटानं साडेचारावरून पाच वर्षं केली, ॲमेझॉननं पाचावरून सहा. यंत्रं तीच, गोदाम तेच, वीजबिल तेच. गोठ्यातली म्हैस आहे तिथेच, दाखल्यावर तिचं वय तेवढं बदललं.

यात लबाडी नाही बरं का. हिशेबाचे नियम याला परवानगी देतात, आणि बाबांनो आमची यंत्रं आता खरंच जास्त टिकतात, हा युक्तिवादही खोटा नाही. शिवाय घसारा पुढे ढकलला जातो, पुसला जात नाही. पाचव्या आणि सहाव्या वर्षी तो येतोच. पण मायक्रोसॉफ्ट आणि अल्फाबेट दोघांचे मिळून 710 कोटी डॉलर, म्हणजे 58 हजार कोटी रुपयांच्या आसपास, एका ओळीत. यासाठी किती स्टेपलर उचलावे लागले असते, त्याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. मला एवढंच दिसतं, की स्टेपलर प्रत्येकाला दिसतो आणि घसारा कुणाला दिसत नाही. घरात पैशाची चणचण आहे हे मुलांना कळावं म्हणून आई आधी बिस्किटाचा पुडा वरच्या फळीवर ठेवते, तसलाच हा प्रकार.

(पुढे एआयची लाट आली, यंत्रं भराभर जुनी व्हायला लागली, आणि 2025 मध्ये ॲमेझॉननं आपल्या काही सर्व्हरचं वय सहावरून परत पाच केलं. म्हैस पुन्हा म्हातारी झाली.)

यंत्रमानवालाही नारळ

माणसं गेली हे सगळ्यांनी वाचलं. यंत्रमानवही गेले, हे कमी जणांच्या कानावर आलं. अल्फाबेटकडे 'एव्हरीडे रोबोट्स' नावाचा विभाग होता. शंभरावर एका हाताचे यंत्रमानव गूगलच्या उपाहारगृहात टेबलं पुसायचे, कचरा निवडायचे, दारं उघडायचे. 2023च्या सुरुवातीला हा विभागच गुंडाळला. यंत्रं माणसांच्या नोकऱ्या खाणार, अशी भीती घालणाऱ्या व्याख्यानांत हे उदाहरण सहसा सांगत नाहीत.

ॲमेझॉननं घरपोच सामान नेणारा 'स्काउट' नावाचा सहाचाकी डबा थांबवला. नातवंडांनी आजीशी बोलत बोलत खेळावं म्हणून काढलेलं 'ग्लो' नावाचं उपकरणही बंद केलं. गूगलनं 'स्टेडिया' ही गेम खेळण्याची सेवा बंद करताना ग्राहकांनी यंत्रं आणि गेम यांवर खर्चलेले पैसे परत दिले, हे मात्र मानलं पाहिजे. बंद पडलेल्या क्लासनं फी परत केल्याचं आपल्याकडे कुणी ऐकलंय?

दाराचं टेबल आणि बिनदिव्याचं यंत्र

काटकसरीत ॲमेझॉन ही घराण्यातली जुनी गायकी. 1995 मध्ये कंपनी नवी होती, तेव्हा जेफ बेझोसनं टेबल विकत घेण्याऐवजी दार विकत घेतलं आणि त्याला चार लाकडी पाय ठोकले. स्वस्त पडतं म्हणून. पुढे कंपनी अवाढव्य झाली तरी ही दाराची टेबलं टिकली, आणि पैसे वाचवणारी चांगली कल्पना सुचवणाऱ्याला चक्क 'डोअर डेस्क अवॉर्ड' मिळू लागलं.

त्याहून मला आवडतो तो बल्बचा किस्सा. ॲमेझॉनच्या गोदामांत थंड पेयांची यंत्रं असतात. त्यांवरची जाहिरात उजळून दिसावी म्हणून आत दिवे असतात. कुणाच्या तरी डोक्यात आलं, गोदामातल्या तहानलेल्या माणसाला यंत्र कुठे आहे ते माहीतच आहे, त्याला जाहिरात कशाला दाखवायची? सगळे बल्ब काढले. वर्षाला विजेचे हजारो डॉलर वाचल्याचं खुद्द बेझोसनं 2009च्या भागधारकांच्या सभेत अभिमानानं सांगितलं. बाहेर आल्यावर बाथरूमचा दिवा बंद करा असं ओरडणारे आपले आजोबा तिथे उपाध्यक्ष झाले असते.

पण बल्ब काढून 2022 भागेना. नोव्हेंबर 2022 ते मार्च 2023 या काळात ॲमेझॉननं मिळून 27 हजार माणसं कमी केली.

लाल दिवा

इतरांचे आकडे पटकन: मेटा 11 हजार, आणि चार महिन्यांनी आणखी 10 हजार. गूगल 12 हजार. मायक्रोसॉफ्ट 10 हजार. नोकरकपातीची नोंद ठेवणाऱ्या 'लेऑफ्स डॉट एफवायआय' या संकेतस्थळानुसार 2023 या एका वर्षात जगभरच्या तंत्रज्ञान कंपन्यांतून अडीच लाखांहून जास्त लोक गेले.

गूगलच्या अमेरिकेतल्या लोकांना ही बातमी 20 जानेवारी 2023च्या पहाटे ईमेलनं आली. काहींना ईमेलही उघडता आला नाही, कारण खातंच बंद झालं होतं. माझा मावसभाऊ दुसऱ्या एका कंपनीत, सनीवेलला. त्याच्या टीममधल्या एकाला ऑफिसच्या दारात कळलं. कार्ड टेकवलं, हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. त्याला वाटलं कार्ड खराब झालं. शर्टाला पुसून तिसऱ्यांदा टेकवलं.

मावसभावाच्या स्वतःच्या घरी त्या दिवसांत फ्रिजवर एक कागद लागला होता. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली, की दुसरी शोधायला साधारण 60 दिवस मिळतात, नाहीतर सामानाची बांधाबांध. त्याची नोकरी गेली नव्हती. तरी वहिनीनं कागदावर 1 ते 60 आकडे लिहून ठेवले होते: कितव्या दिवशी घरमालकाला सांगायचं, कितव्या दिवशी गाडी विकायला काढायची, कितव्या दिवशी मुलीच्या शाळेत जाऊन यायचं. कोथरूडला मावशी फोनवर रोज एकच प्रश्न विचारायची, "आज कार्ड चाललं ना रे?" त्या घरी 'जेवलास का'ची जागा काही महिने या प्रश्नानं घेतली होती.

गूगलच्या त्या ईमेलच्याच आठवड्यातली दुसरी बातमी. मायक्रोसॉफ्टनं 18 जानेवारीला 10 हजारांची कपात जाहीर केली. त्याच्या आदल्या रात्री दावोसमध्ये कंपनीच्या 50च्या आसपास बड्या मंडळींसाठी खासगी मैफल झाली होती. गायला खुद्द स्टिंग! मैफलीचा विषय होता शाश्वतता.

निघण्याचे पैसे

जागेचं भाडं वाचवायचं असेल तर जागा सोडायची, हे आपण समजू शकतो. मेटानं 2023 मध्ये लंडनमधली वन ट्रायटन स्क्वेअर ही इमारत सोडली, आणि करारातून सुटका व्हावी म्हणून मालकाला 14 कोटी 90 लाख पौंड दिले. साधारण दीड हजार कोटी रुपये, केवळ तिथे न राहण्याचे. घरमालक पागडी घेतो हे ठाऊक होतं. भाडेकरू जाताना देतो, हे नवीन.

उलटं टोक ट्विटरचं. इलॉन मस्कनं ऑक्टोबर 2022 मध्ये कंपनी घेतली आणि काही जागांचं भाडं देणंच थांबवलं. घरमालक कोर्टात गेले. साडेसात हजारांतली निम्मी माणसं एका आठवड्यात कमी केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या मुख्यालयात सफाईचं कंत्राट संपलं, स्वच्छतागृहं घाण झाली, आणि काही जण घरून टॉयलेट पेपर घेऊन यायला लागले. मस्कनं असंही जाहीर केलं, की ऑफिसात वाढलेल्या एकेका जेवणाला 400 डॉलर पडत होते. जेवणाचं काम आधी पाहणाऱ्या बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, माणशी 20 ते 25 डॉलर. दोघांच्या हिशेबात एवढं अंतर लग्नाच्या केटरिंगमध्येही पडत नाही.

जानेवारी 2023 मध्ये ऑफिसातलं सामान लिलावात निघालं. कॉफीची यंत्रं, पिझ्झा भट्टी, खुर्च्या, मास्कचे खोके, अगदी 'ॲट'च्या चिन्हाच्या आकाराची कुंडीसुद्धा. तीन-साडेतीन फुटी निळ्या चिमणीचा पुतळा 1 लाख डॉलरला गेला. ट्विटरचं नाव 'एक्स' व्हायला तेव्हा सहा महिने होते, चिमणी आधीच उडाली.

साहेबांचा पगार

'झूम'नं फेब्रुवारी 2023 मध्ये 1300 जणांना घरी पाठवलं, तेव्हा प्रमुख एरिक युआन यांनी स्वतःचा मूळ पगार 98 टक्क्यांनी कमी केला. ॲपलचे टिम कुक यांचं 2023चं ठरीव मानधन 40 टक्क्यांनी उतरलं, पण उतरूनही ते 4 कोटी 90 लाख डॉलर होतं. ॲपलनं मात्र त्या लाटेत इतरांसारखी मोठी कपात केली नाही. गूगलचे सुंदर पिचाई यांचं 2022चं मानधन 22 कोटी 60 लाख डॉलर निघालं, कारण दर तीन वर्षांनी मिळणारे शेअर नेमके त्याच वर्षी आले. योगायोगाला वेळकाळ नसतो.

इकडे, पुण्या-बंगळूरला

ॲमेझॉननं नोव्हेंबर 2022 मध्ये भारतात तीन दुकानं एका महिन्यात बंद केली: जेईईच्या तयारीची ॲकॅडमी, बंगळूरमधलं घरपोच जेवण आणि किराणा दुकानदारांसाठीचा घाऊक माल. त्याच सुमारास कंपनीनं कर्मचाऱ्यांपुढे 'स्वेच्छेनं' राजीनाम्याची योजना ठेवली. पुण्यातल्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं तक्रार केली आणि केंद्रीय कामगार खात्यानं ॲमेझॉनला बंगळूरमध्ये हजर राहायला सांगितलं.

फेब्रुवारी 2023 मध्ये विप्रोनं साडेसहा लाखांच्या पगारावर निवडून महिनोन्‌महिने वाट बघायला लावलेल्या नव्या पोरांना विचारलं, साडेतीन लाखांत लगेच रुजू होता का? हा प्रकार आपल्या भाजीबाजारातला. फक्त तिथे संध्याकाळी भाव पडला, की भाजीवाली निदान कोथिंबीर वर देते.

मंदी कुठवर आली?

आता तो 100 टक्क्यांचा आकडा. ते 12 महिने गेले, मंदी आली नाही. 2023 मध्ये अमेरिकेची अर्थव्यवस्था अडीच टक्क्यांहून जास्त वाढली. मेटाचा शेअर त्या वर्षात जवळजवळ तिपटीला पोचला. छत्र्या, रेनकोट, गमबूट घालून सगळे दारात उभे, आणि बाहेर लख्ख ऊन. नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच, पण काढून घेतलेल्या छोट्या गोष्टींचं पुढे काय होतं, याचे दोन नमुने सांगतो.

मायक्रोसॉफ्टमध्ये सायकलवरून येणाऱ्यांसाठी, व्यायाम करणाऱ्यांसाठी अंघोळीच्या खोलीत टॉवेल असायचे. 2004 मध्ये खर्च कमी करायचा म्हणून टॉवेल बंद झाले. तेव्हा कंपनीच्या तिजोरीत हजारो कोटी डॉलर पडून होते. लोक पगारवाढीवर भांडले नाहीत इतके टॉवेलवर भांडले. दोन वर्षं धुसफूस चालली. 2006 मध्ये मनुष्यबळ विभागाच्या नव्या प्रमुख लिसा ब्रमेल यांनी टॉवेल परत आणले आणि रातोरात लाडक्या झाल्या.

इंटेलची गोष्ट ताजी आहे. 2024च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं 15 हजारांवर नोकऱ्या कमी करायचं ठरवलं. त्या काटकसरीत ऑफिसातला फुकट चहा, कॉफी आणि फळं बंद झाली. चिपा बनवणारे इंजिनिअर घरून थर्मास आणायला लागले असतील, अशी माझी कल्पना. तीन महिन्यांत साहेबांना चूक उमगली. नोव्हेंबरमध्ये चहा-कॉफी परत आली.

फळं नाही.